धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ आणि गांवच्या कागदांचें ठिकाण

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे धुळें मुक्कामीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले, आणि ९ जानेवारी १९२७ रोजीं त्याच गांवीं राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. मृत्यूचा दिवस धरून मोजल्यास हा बरोबर दहावा दिवस होतो. राजवाड्यांच्या मागें संसार नव्हता; जें होतें तें कागदांचे गठ्ठे, टिपणें, शब्दांच्या याद्या व अपुरीं राहिलेलीं पुस्तकें एवढेंच. या ठेव्याचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न धुळेकरांपुढें उभा राहिला, आणि त्यांनीं त्याचें उत्तर दहा दिवसांच्या आंत दिलें. स्मारक म्हणून पुतळा उभारणें त्यांस अवघड नव्हतें. त्यांनीं कागदांसाठीं घर बांधण्याचें ठरविलें.

प्रस्तुत लेखांत या मंडळाचा समग्र वृत्तांत देण्याचा हेतु नाहीं. मंडळाच्या निमित्तानें एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जुना कागद ज्या घरीं व ज्या गांवीं सांपडला तेथून तो किती दूर न्यावा, आणि नेल्यानें त्याच्या साक्षीचें काय होतें, हा तो प्रश्न होय. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं जुन्या पोथ्या व पत्रें आहेत. तेव्हां हा विषय त्यांस परका वाटूं नये.

आरंभीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें छापून प्रसिद्ध करण्याचा उद्योग ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकानें १८७८ सालीं सुरू केला. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांचीं नांवें त्या प्रसंगीं प्रथम घ्यावीं लागतात. त्यानंतर वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें १८९७ पासून छापावयास घेतलीं. आणि १८९८ सालीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यांत १७५० पासून १७६१ पर्यंतचीं, म्हणजे पानिपतच्या प्रसंगापर्यंतचीं पत्रें आहेत. हे सर्व उद्योग एकट्यादुकट्या माणसांनीं स्वतःच्या हिमतीवर केले. पुण्याचें सरकारी पेशवे दप्तर त्या वेळीं सामान्य अभ्यासकास जवळजवळ बंदच होतें. त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें त्या किल्ल्याचा दरवाजा किंचित् उघडला. राजवाड्यांच्या पिढीस तो दरवाजा बंद असल्यामुळें गांवोगांव हिंडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ही अडचण एका परीनें उपकारकच झाली, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. सरकारी दप्तर सुरवातीसच मोकळें असतें तर कारी, वाई, मिरज अशा ठिकाणच्या वाड्यांतील माळ्यांवर कोण चढलें असतें?

राजवाड्यांच्या भ्रमंतीच्या कथा महाराष्ट्रांत इतक्या प्रसिद्ध आहेत कीं त्यांची पुनरुक्ति येथें नको. त्या भ्रमंतीचें फळ म्हणजे साधनांचे बावीस खंड. पहिल्या खंडांत राजकारणाचीं व स्वाऱ्यांचीं पत्रें आहेत; पुढें पुढें मात्र देशमुख-देशपांड्यांच्या घराण्यांतील महजर, निवाडपत्रें, वतनपत्रें असा कागद अधिकाधिक येऊं लागतो. हा फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. दरबारी पत्र कोठेंहि सांपडूं शकतें, कारण लिहिणारा एका गांवीं, ज्याला लिहिलें तो दुसऱ्या गांवीं, आणि नक्कल तिसऱ्या ठिकाणीं असते. गांवच्या वतनाचा कागद मात्र बहुधा गांवच्याच घरीं असतो. राजवाडे जसजसे राजकारणांतून समाजाच्या इतिहासाकडे वळले तसतसे ते शहरांतून खेड्यांकडे वळले. १९२४ सालीं त्यांनीं छापलेली ‘महिकावतीची बखर’ व तिची प्रस्तावना पाहावी. उत्तर कोंकणांतील गांवांच्या नांवांवरूनच वसाहतीचा क्रम लावण्याचा प्रयत्न तेथें केलेला आहे. त्यांतील सर्व व्युत्पत्ति आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु गांवाचें नांव हाच एक जुना लेख आहे ही दृष्टि त्यांचीच.

पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजीं निघालें. राजवाड्यांबरोबर सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे त्याचे संस्थापक होत. या मंडळाच्या योगानें महाराष्ट्रांतील विखुरलेल्या कागदांस एक घर मिळालें, आणि संशोधकास आपलें टिपण वाचावयास सभा मिळाली. खेड्यांतील कागदाची योग्यता काय असूं शकते याचें त्या काळचें ठळक उदाहरण म्हणजे जेधे शकावली. भोरच्या मुलखांतील कारी या गांवच्या जेधे देशमुखांच्या दप्तरांतील ही शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं मंडळाच्या द्वारें पुढें आणली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, असें तींत दिलें होतें. बखरींवर विसंबून चालत आलेली तोंपर्यंतची समजूत त्यामुळें डळमळली आणि पुढें कित्येक वर्षें वाद चालला. त्या वादांत शकावलीच्या बाजूनें एक गोष्ट भक्कम होती. ती कोणाच्या घरांतून आली, त्या घराण्याचा शिवाजी महाराजांशीं संबंध काय, आणि त्याच दप्तरांत दुसरे कोणते कागद आहेत, हें सर्व सांगतां येत होतें. तीच शकावली बाजारांतून विकत घेतलेल्या एका सुट्या वहीच्या रूपानें पुढें आली असती तर तिच्यावर इतका भरंवसा कोणी ठेविला असता काय?

आतां धुळ्याकडे वळूं.

धुळें हें शहर म्हणून फार जुनें नव्हे. पेशवाई बुडाल्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज यानें १८१९ सालीं खानदेशच्या कारभाराचें ठाणें म्हणून पांझरेच्या कांठचें हें गांव निवडलें. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाल्यावर तें पश्चिम खानदेशचें मुख्य ठिकाण राहिलें. येथें सातारा-कोल्हापूरसारखी गादी नाहीं, मिरजेसारखें सरदारी दप्तर नाहीं, पैठण-नाशिकसारखें क्षेत्र नाहीं. मग इतिहाससंशोधनाची संस्था येथें कां रुजावी? माझ्या समजुतीप्रमाणें कारण उलटें आहे. घरचें मोठें दप्तर नसल्यामुळें येथील अभ्यासकांस भोंवतालच्या खेड्यांकडे पाहावें लागलें. शिवाय जिल्ह्याचें ठाणें म्हणून कचेऱ्या होत्या, कचेऱ्यांबरोबर वकील होते, आणि वकील म्हणजे जुना कागद वाचावयास शिकलेला माणूस. इनाम व वतनाच्या दाव्यांत शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची सनद पुढें येई. ती मोडींतून वाचून तिचा खरेखोटेपणा ठरविणें हा त्यांचा रोजचा धंदा होता.

अशांपैकींच एक शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८). त्यांनीं १८९३ सालीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. समर्थ रामदास व त्यांचा संप्रदाय यांच्या वाङ्मयाचा शोध हें पुढें या सभेचें मुख्य कार्य झालें. देवांनीं मठोमठीं जाऊन बाडें पाहिलीं. डोमगांवच्या मठांत कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्या आधारें त्यांनीं १९०५ सालीं दासबोध छापून प्रसिद्ध केला. या आवृत्तीपूर्वीं दासबोध छापला गेला नव्हता असें नाहीं. परंतु ही प्रत अमक्या मठांतील, अमक्या शिष्याच्या हातची, असें निश्चयानें सांगून त्या प्रतीशीं इमान राखणें ही नवी गोष्ट होती. पुढें या बाडांसाठीं धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभें राहिलें. देवांची भक्ति व राजवाड्यांची चिकित्सा या दोन भिन्न प्रकृति आहेत. तथापि एका लहान जिल्ह्याच्या गांवांत हस्तलिखितांची एक संस्था अगोदरच चालू होती, म्हणूनच दुसरी इतक्या त्वरेनें उभी राहूं शकली, हें विसरतां येत नाहीं.

राजवाडे अखेरच्या काळीं धुळ्यास येऊन राहिले ते पुण्याच्या मंडळींशीं मतभेद होऊन. ज्यांनीं मंडळ काढलें त्यांनींच तें सोडावें हा प्रकार दुःखद खरा. परंतु राजवाड्यांच्या स्वभावास धरूनच होता. धुळ्याच्या मंडळास त्यामुळें एक लाभ झाला. राजवाड्यांचे अप्रकाशित कागद व कोशांचें साहित्य हीं त्याच्याकडे आलीं. भास्कर वामन भट यांनीं या मंडळाचा भार उचलला. ‘महाराष्ट्रधर्म’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून वाचकांस त्यांचें नांव ठाऊक आहेच. १९३२ पासून मंडळानें ‘संशोधक’ हें त्रैमासिक काढलें. राजवाड्यांचा ‘धातुकोश’ १९३७ सालीं व ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ १९४२ सालीं निघाला. दोहोंचें संपादन कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनीं केलें. एखाद्या विद्वानाच्या मागें त्याची टिपणें रद्दींत न जातां दहा-पंधरा वर्षांनीं कां होईना पुस्तकरूपानें बाहेर यावीं, हें आपल्याकडे इतकें विरळ आहे कीं एवढ्या एका कार्यासाठींहि या मंडळाचें नांव राहील.

मंडळाभोंवतीं पसरलेला खानदेश हा संशोधकास केवढें मोठें क्षेत्र आहे याची कल्पना एकदोन स्थळांवरून येईल. चाळीसगांवाजवळचें पाटण हें आज एक खेडें. तेथील देवळांतील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रथम वाचून प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें मठ काढला, आणि निकुंभ वंशांतील सोन्हदेव यानें त्या मठास दान दिलें, असा त्याचा आशय. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत आहे. परंतु शेवटीं जुन्या मराठींत बाजारांतील मालावरचें उत्पन्न व तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागें पळी पळी तेल मठास द्यावयाचें, असा तपशील येतो. राजाचें दान संस्कृतांत आणि तेल्याचें दान मराठींत! हा भाग गांवकऱ्यांनीं समजून पाळावयाचा होता, म्हणून तो त्यांच्या भाषेंत कोरला, असें अनुमान करावयास हरकत नाहीं. गिरणाकांठच्या बहाळ या गांवीं शके ११४४ चा लेख आहे. त्यांत याच घराण्यांतील अनंतदेव ज्योतिष्यानें भवानीचें देऊळ बांधल्याचें सांगितलें आहे. म्हणजे हे दोन लेख परस्परांपासून फार अंतरावर नसलेल्या दोन गांवीं उभे राहून एकमेकांस साक्ष देतात. एक मुंबईस व दुसरा कलकत्त्यास नेऊन ठेविला असता तर विद्वानांनीं ते तेथें वाचले असते हें खरें. तथापि एका ज्योतिषी घराण्याचा तापी-गिरणेच्या प्रांतांतील पसारा नकाशावर बोट ठेवून दाखविण्याची सोय गेली असती. थाळनेर व लळिंग येथील फारुकी सुलतानांचे अवशेष हा आणखी निराळा विषय आहे. त्यास मोडी जाणून भागत नाहीं, फारसीच पाहिजे.

दगडाची गोष्ट अशी, तर कागदाची किती अधिक! येथें मी संग्राहकांशीं थोडें स्पष्ट बोलणार आहे. मराठी पत्रांत तिथि देण्याची रीत आपण सर्व जाणतों. ‘छ’ हें अक्षर, पुढें चंद्र, मग मुसलमानी महिना. आणि पुष्कळ पत्रांत वर्ष नाहींच. असलें तरी कित्येकदां शुहूर सनाचा नुसता एकंच असतो. ‘सन इहिदे’ एवढेंच लिहिलेलें पत्र घ्या. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु हें इहिदे कोणतें? खमसैनांतलें धरल्यास १७५० चा सुमार येतो, सितैनांतलें धरल्यास १७६० चा म्हणजे पानिपतच्या सालचा, सबैनांतलें धरल्यास १७७० चा. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास शंका नव्हती, कारण ते दोघेहि त्याच सालांत जगत होते. आपणांस तें साल सांगणारा एकच साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे त्याच रुमालांत, त्याच पुडक्यांत त्याच्या मागेंपुढें बांधलेला कागद. कारकुनानें सालवार बांधलेलें पुडकें सोडून त्यांतील सुरेख अक्षराचें किंवा मोठ्या नांवाचें पत्र तेवढें उचलिलें, म्हणजे आपण पत्राबरोबर त्याची तारीखहि फाडून टाकितों. काचेखालीं ठेविलेलीं अशीं किती पत्रें ‘काल अनिश्चित’ या चिठीसह पडून आहेत हें ज्यानें त्यानें आपल्या संग्रहीं पाहावें.

महजरांची गोष्ट याहून निराळी नाहीं. गोतसभेचा महजर म्हणजे गांवचा सगळा व्यवहार एका कागदावर. पाटलाच्या नांवापुढें नांगर, शेट्याच्या पुढें तराजू, न्हाव्याच्या पुढें आरसा, परटाच्या पुढें मोगरी अशा निशाण्या असतात. या माणसांस आडनांव नाहीं, बहुधा बापाचें नांवहि पुरतें नाहीं. ‘हरजी न्हावी’ हा कोण? गांवांत जाऊन विचारल्यास न्हाव्याचें वतन कोणत्या घरीं चालत आलें हें म्हातारीं माणसें सांगतात. पांच-सहा महजर एकत्र ठेविले तर हरजीचा बाप व मुलगाहि कधीं सांपडतात. गांवापासून दूर तो हरजी म्हणजे एक अक्षर व एक आरसा एवढाच. आणि या कागदांत पांढरपेशा वर्गाबाहेरच्या माणसांचीं नांवें येतात. तीं दुसऱ्या कोणत्याच साधनांत येत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

बनावट कागदाचाहि विचार केला पाहिजे. वतनाच्या तंट्यांत खोटे कागद होत असत, हें त्या काळच्या निवाडपत्रांतच नमूद आहे. खोटा कागद एकटा असतांना मोठा साळसूद दिसतो. त्याचें बिंग फुटतें तें त्याच घरच्या खऱ्या कागदांशेजारीं ठेविल्यावर. मग अक्षराचें वळण, कागदाची जात, शिक्क्याची जागा, मायन्याची रीत, एकेक गोष्ट बोलूं लागते. संग्राहकाच्या पेटींत दहा गांवचे दहा कागद असतील तर ते एकमेकांस पकडूं शकत नाहींत.

राजवाड्यांनीं स्वतः हा नियम सदैव पाळला काय? नाहीं, असें दुःखानें म्हणावें लागतें. त्यांनीं १९०९ सालीं छापलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी बीडजवळच्या पाटांगण येथील. ती एकनाथपूर्व असून मुकुंदराजाच्या परंपरेंतून आलेली, असें त्यांचें म्हणणें. मराठी भाषेच्या इतिहासांत या आवृत्तीनें उलथापालथ केली. परंतु ती पोथी पुढील संशोधकांस पाहावयास मिळाली नाहीं. तिचें अक्षर, तिचा कागद, तिची समाप्ति यांविषयीं राजवाडे म्हणतात तेवढेंच प्रमाण मानून चालावें लागतें. आणि त्यांच्याच पाठावरून त्यांनीं लिहिलेलें ज्ञानेश्वरींतील व्याकरण पूर्ण मान्य करावें कीं नाहीं हा वाद त्यामुळेंच मिटत नाहीं. ज्यानें दुसऱ्याच्या बखरींस अस्सल कागद दाखवा म्हणून दटावलें, त्याच्याच हातून असें व्हावें! राजवाड्यांविषयींचा आदर बाळगूनहि ही गोष्ट झांकून ठेवूं नये.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणतील कीं गांवीं राहूं दिलेले कागद वांचतात तरी काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. वाळवी, गळकें धाबें, चूल पेटविणाऱ्या सुना व पुड्या बांधणारे वाणी यांनीं जो इतिहास गिळला त्याची मोजदाद होणार नाहीं. गेल्या शतकांत यांत आणखी दोन कारणांची भर पडली. एक म्हणजे १९४८ च्या फेब्रुवारींतील जाळपोळ; दक्षिण महाराष्ट्रांतील कित्येक वाडे त्यांत बेचिराख झाले आणि माळ्यावरचीं दप्तरेंहि त्यांबरोबर गेलीं. दुसरें कारण शांतपणें घडलें, म्हणून तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. जुने कागद घरोघर इतके दिवस कां जपले गेले? इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. वतनाच्या दाव्यांत ते पुरावा होते म्हणून. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें गेलीं, १९६२ च्या कायद्यानें पाटीलकीहि गेली. वतनें जाणें हें न्यायाचेंच होतें. परंतु ज्या दिवशीं वतन गेलें त्या दिवशीं कागदाची घरांतील किंमत संपली. पेटीच्या किल्ल्या म्हाताऱ्यांच्या कमरेस होत्या तोंवर पेट्या राहिल्या. पुढच्या पिढीनें त्या मोकळ्या केल्या. ही गोष्ट अमुक एका गांवची नसून सगळ्या देशावरची आहे.

मग सगळेंच पुण्या-मुंबईस न्यावें असें ठरतें काय? तेथेंहि अभय नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें तेव्हां घरोघरचे ग्रंथ व कागद चिखलांत गेले. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत जी मोडतोड झाली ती तर माणसांनींच केली. एका ठिकाणीं सर्व ठेविल्यानें सर्वच एका दिवसांत गमावण्याचा धोका वाढतो. सातारच्या पारसनिसांचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला, आणि तो वांचला हें चांगलेंच झालें. पण तो मुळांतच नाना ठिकाणाहून गोळा केलेला असल्यामुळें त्याच्या स्थलांतरानें फारसें बिघडलें नाहीं. एका घराण्याच्या अखंड दप्तराची गोष्ट तशी नव्हे.

धुळ्याच्या मंडळासारख्या संस्थेचें महत्त्व मला येथें दिसतें. ती खेड्यांत नाहीं, म्हणून वाळवीच्या स्वाधीन नाहीं. आणि राजधानींतहि नाहीं, म्हणून कागदाच्या मालकास ती परकी वाटत नाहीं. बाजारहाटास, दाव्यास, दवाखान्यास जिल्ह्याच्या गांवीं येणारा मनुष्य वाटेंत मंडळांत डोकावून आपल्या आजोबांचा कागद जागेवर आहे कीं नाहीं हें पाहूं शकतो. वाचणाऱ्यास गांवाच्या पायवाटा ठाऊक असतात. अहिराणी शब्द कागदांत आला तर तो अडत नाहीं. यवतमाळास यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रमांत महानुभावांच्या पोथ्या जमविल्या त्याहि याच न्यायानें. रिद्धपूर तेथून जवळ, महंतांशीं ओळख जवळची, म्हणूनच त्या पोथ्या त्यांच्यापुढें उघडल्या गेल्या. सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनीं शोधली खरी, पण लिपी उकलल्यानें मठाचें दार उकलत नाहीं. अशा संस्थांची दुर्दशाहि सांगितली पाहिजे. पगारी लेखक नाहीं, मोडी वाचणारा तरुण नाहीं, याद्या अपुऱ्या, आणि वर्गणीदारांत वृद्धांचीच संख्या अधिक. मोठ्या संस्थांनीं त्यांचे कागद मागण्यापेक्षां त्यांस यादी करणारा एक मनुष्य द्यावा, आणि छायाचित्रें मात्र आपणांकडे ठेवावीं, असें मी म्हणतों. मूळ कागद जवळच्या ठिकाणीं, नक्कल दूरच्या ठिकाणीं. यांत नवें कांहींच नाहीं. सनदेची नक्कल हुजूर दप्तरांत ठेवून मूळ सनद वतनदाराच्या पदरांत टाकण्याची पेशवाईंतील रीत हीच होती.

एक अनुभव सांगून लेख आटोपतों. खानदेशांतील एका खेड्यांत पूर्वींच्या कुळकर्ण्यांच्या घरीं कागद आहेत असें कळल्यावरून मी गेलों होतों. घरांत एक वृद्ध बाई व त्यांचा नातू. रुमाल दाखविण्यास बाई तयार होईनात. फार विनविल्यावर म्हणाल्या, “अहो, मागं असेच एक शिकलेले गृहस्थ आले होते. आमच्या यांनी विश्वासानं एक पुडकं दिलं. पावती नाही, कागद नाहीत. हे जाईपर्यंत वाट पाहत होते.” ते गृहस्थ कोण हें त्यांनीं सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं. शेवटीं नातवाच्या देखत, ओसरीवर, रुमाल उघडावयाचा आणि एकहि कागद उंबऱ्याबाहेर न्यावयाचा नाहीं या बोलीवर परवानगी मिळाली. आंत तीन पुडकीं होतीं आणि चौथ्याची दोरी नुसतीच होती. पहिल्या दोन पुडक्यांत पाटीलकीच्या तंट्याचे कागद, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा, जामीनकतबे, तिसऱ्यांत जमाखर्च. तकरीरींत ‘निवाडपत्र अलाहिदा’ असा उल्लेख दोनदां आला. निवाडपत्र अर्थात् चौथ्या पुडक्यांत असणार. तंटा काय, साक्षी कोण, खर्च किती, हें सर्व कळलें. निकाल काय लागला तें कळलें नाहीं. तें निवाडपत्र कोणाच्या तरी संग्रहीं, गांवाच्या नांवावांचून, ‘एक जुना निवाडा’ म्हणून असेल.

तीन दिवस बसून कागदवार यादी केली. नातवानें छायाचित्रें घेतलीं; एक संच त्यानेंच ठेविला, दुसरा मला दिला. यादीची एक प्रत बाईंना वाचून दाखविली तेव्हां त्यांनीं चौथ्या दोरीचीहि नोंद करावयास सांगितली, आणि मीं ती ‘पुडकें ४, रिकामें’ अशी केली. रुमालाची गांठ त्यांनीं स्वतःच बांधली.